चिनी हाडांचं गणित: स्कोअर कमी, तरी खुबा मोडायचं प्रमाणही कमी? आणि प्रत्येक पेपरात जीन वेगळाच कसा?

खारूताई_पुणे | सोमवार, रात्री १:४०

नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोइन्फॉर्मॅटिक्स, दुसरं वर्ष. गुरुवारी जर्नल क्लब आहे आणि सरांनी माझ्या गळ्यात विषय मारलाय, चिनी लोकांमधल्या बोन डेन्सिटीचं आणि ऑस्टिओपोरोसिसचं जेनेटिक्स. मला वाटलं चार पेपर वाचू, दहा स्लाइड करू, झालं. आता पंधरा पेपर वाचून झालेत आणि आधी जे कळलं होतं तेही गेलंय.

पहिला घोळ असा की सगळीकडे लिहिलंय चिनी बायकांची बोन डेन्सिटी गोऱ्या बायकांपेक्षा कमी भरते, आणि त्याच पेपरात दोन ओळी खाली की खुब्याचं हाड मोडायचं प्रमाण मात्र चीनमध्ये कमी. अरे मग घनता मोजून उपयोग काय? दुसरं म्हणजे जीन्स. १९९४ साली व्हिटॅमिन डी रिसेप्टर, १९९६ ला कोलॅजनचा, मग चिनी लोकांवर २००८ मध्ये यूजीटी२बी१७, २०१० मध्ये एएलडीएच७ए१, त्याच वर्षी हाँगकाँगवाल्यांचा जॅग१. प्रत्येकाचा हिरो वेगळा. आणि गोऱ्या लोकांवरचे पहिले दोन तर चीनमध्ये धड चालतच नाहीत. हे सगळं खरं कसं असेल? की कुणाचंच खरं नाही?

आणि हो, डिझर्टेशनसाठी चिनी डेटा कुठून डाउनलोड होईल का तेही सांगा प्लीज.


कट्टा_किंग | सोमवार, सकाळी ७:१२

ताई एवढं वाचण्यापेक्षा रोज नाचणीची भाकरी खा, हाडं टणक राहतील.


खारूताई_पुणे | सोमवार, सकाळी ७:५०

खाते हो काका. स्लाइडवर काय टाकू, भाकरीचा फोटो?


डेक्सावाली | सोमवार, दुपारी २:०५

मी जेनेटिक्समधली नाही, डायग्नोस्टिक सेंटरमध्ये डेक्सा मशीनवर (हाडांची घनता मोजणारं एक्सरेचं यंत्र) बारा वर्षं आहे, त्यामुळे पहिल्या घोळावर बोलते, दुसरा तुम्ही शहाण्यांनी बघा.

पेशंट झोपते, कमरेचा स्कॅन होतो, मग खुब्यासाठी पाय आत वळवून पट्ट्याने बांधायचा, दहा-पंधरा मिनिटांत कागद हातात. त्या कागदावर हिरवा पिवळा लाल पट्टा असतो आणि सगळी गंमत त्या पट्ट्यात आहे. टी-स्कोअर म्हणजे तुमचा आकडा वजा तरुण बायकांची सरासरी, भागिले त्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, हे डब्ल्यूएचओने १९९४ ला ठरवलं. पण तरुण बायका कुठल्या? मांडीच्या हाडाच्या मानेसाठी जगभर जो रेफरन्स चालतो तो अमेरिकेतल्या २० ते २९ वयाच्या गोऱ्या बायकांचा, सरासरी ०.८५८, डेव्हिएशन ०.१२०. आता समज एका चिनी आजींचा आकडा आला ०.५४. या फुटपट्टीने टी-स्कोअर उणे २.६५, म्हणजे लाल पट्टा. आणि समजा चिनी तरुणींची सरासरी ०.७९ आणि डेव्हिएशन ०.११ धरलं (हे आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत) तर त्याच आजी उणे २.२७ वर येतात, पिवळ्यात. हाड तेच, दुपारही तीच, फक्त ड्रॉपडाउन बदलला. बायो-डेटा भरताना मशीन वंश विचारतं आणि आमच्या नव्या पोरी तिथे जे पहिलं दिसेल ते टिचकवतात, मी दहादा ओरडलेय.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. डेक्सा घनता मोजतच नाही खरं तर. ते सावली मोजतं. ग्रॅम भागिले चौरस सेंटिमीटर, घन सेंटिमीटर नाही. एक सेंटिमीटरची चौकोनी खोबऱ्याची वडी घे, वजन एक ग्रॅम धर. सावली एक चौरस सेंमी, उत्तर १. आता त्याच पाकाची दोन सेंटिमीटरची चौकोनी वडी घे, उंचीही दोन सेंटिमीटर. वजन आठ ग्रॅम, सावली चार, उत्तर २. पाक तोच आणि मशीन म्हणतं मोठी वडी दुप्पट घट्ट. आता ज्या बायकांचा हाडापेरच लहान आहे त्यांचा आकडा कमीच येणार ना. मशीनवाले विचारतात वय, वजन, उंची, आणि रिपोर्टमध्ये उंचीचा हिशोब कुठेच नाही.


खारूताई_पुणे | सोमवार, दुपारी २:३१

डेक्सावाली ताई, खोबऱ्याची वडी सरळ स्लाइडवर जातेय. पण म्हणजे चिनी हाडं खरंच पातळ नाहीत, नुसती लहान आहेत?


प्लास्टरवाला | सोमवार, रात्री ९:४८

ऑर्थोपेडिक आहे. त्याचं उत्तर बऱ्यापैकी मिळालेलं आहे. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात चिनी-अमेरिकन बायकांचं मनगट आणि घोटा हाय रेझोल्यूशन सीटीने बघितलं. हाड आकाराने लहान, पण बाहेरचं कवच जाड आणि घट्ट, आणि आतली जाळी काड्यांपेक्षा पट्ट्यांची जास्त. काडीपेक्षा पट्टी भार जास्त पेलते हे कुठल्याही सुताराला विचार. शिवाय खुब्याचा अक्ष आखूड, तरफ लहान, पडल्यावर मानेवर जोर कमी. म्हणून खुबा वाचतो.

शीर्षकात तू खुबाच लिहिलायस ते बरं केलंस, पण गुरुवारी बोलताना घसरू नकोस, कोणीतरी पकडेल. "चिनी लोकांत फ्रॅक्चर कमी" असं सरसकट म्हणू नकोस, फक्त खुबा. बीजिंगमध्ये बायकांच्या पाठीचे एक्सरे काढून मणके तपासले तेव्हा दबलेल्या मणक्यांचं प्रमाण गोऱ्या अमेरिकन बायकांपेक्षा थोडंच कमी निघालं. मणक्याला ती तरफबिरफ काही वाचवत नाही. आणि चीनच्या २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत ६५ च्या पुढच्या बायकांत निम्म्याहून जास्त, ५१.६ टक्के, ऑस्टिओपोरोसिसच्या व्याख्येत बसल्या. म्हणजे प्रश्न लहान नाही.

बाकी खरं सांगू का, ही जेनेटिक्सची उठाठेव ओपीडीत शून्य कामाची. म्हातारी बाथरूममध्ये घसरून येते तेव्हा मी जीन विचारत नाही, घरात ग्रॅब बार आहे का विचारतो.


बंड्या_बोस्टन | मंगळवार, पहाटे ४:२०

डॉक्टर, शून्य कामाची म्हणू नका हो, तुमच्या त्या मुद्द्याकडे शेवटी येतो. आधी खारूताईचा दुसरा घोळ. मी स्टॅटिस्टिकल जेनेटिक्समध्ये पोस्टडॉक आहे, हाडांवर काम नाही पण रोगराई सगळीकडे सारखीच आहे.

१९९४ चा तो नेचरमधला ऑस्ट्रेलियन जुळ्यांचा पेपर. दावा असा की घनतेतल्या जनुकीय फरकाचा बहुतेक भाग एकट्या व्हिटॅमिन डी रिसेप्टरने समजतो. अख्खं जग त्यामागे धावलं. १९९७ ला त्याच लोकांनी दुरुस्ती छापली की काही नमुन्यांचं टायपिंग चुकलं होतं, परिणाम बराच लहान आहे. तोवर शेकडो लॅबनी शंभर-दोनशे बायका गोळा करून "आमच्यात आहे" "आमच्यात नाही" असे पेपर टाकलेले, त्यात चिनीही भरपूर. आता गंमत बघ, त्या जीनमधल्या मार्करचं (तपासायच्या खुणेचं) जे रूप युरोपात शंभरातल्या चाळीसेक क्रोमोसोमवर सापडतं ते चिन्यांत अगदी मोजकं. कोलॅजनवाल्याचं तर त्याहून वाईट, युरोपात साधारण पाचातलं एक, हान चिन्यांत जवळजवळ नाहीच. जे रूप लोकसंख्येतच नाही ते तिथल्या घनतेतला फरक कसा समजावणार? म्हणून "चीनमध्ये चालत नाही" याचा अर्थ तिथलं जीवशास्त्र वेगळं असा नाही, तो जीन हाडाचं काम चीनमध्येही करतोच, फक्त त्यात फरक नाही म्हणून अभ्यासाला दिसत नाही. हे वाक्य लिहून घे, व्हायव्हात विचारतात.

उलट बाजू यूजीटी२बी१७. हा जीन टेस्टोस्टेरॉन वगैरे शरीराबाहेर टाकायला मदत करतो, आणि काही लोकांत तो अख्खाच गळालेला असतो. पूर्व आशियात हे प्रचंड कॉमन आहे. एका तुलनेत कोरियन पुरुषांत ६६.७ टक्क्यांकडे दोन्ही प्रती नाहीत, स्वीडिश पुरुषांत ९.३ टक्क्यांकडे. डोपिंग टेस्टवाल्यांची यामुळे झोप उडाली, कारण असा माणूस टेस्टोस्टेरॉन टोचून आला तरी लघवीतलं गुणोत्तर शहाण्या मुलासारखं. चीनच्या गटाने २००८ ला नेमका हाच गळालेला तुकडा पकडला, हे मला त्यांचं हुशारीचं काम वाटतं, कारण युरोपातली स्निपची (डीएनएतल्या एकेका अक्षराच्या फरकांची) यादी चीनमध्ये तपासत बसण्याऐवजी त्यांनी तिथे जे भरपूर बदलतं ते बघितलं. पण नमुना किती? ७०० वृद्ध, निम्म्यांचा खुबा मोडलेला, निम्मे धडधाकट. एएलडीएच७ए१ चा जीवासही असाच, ३५० विरुद्ध ३५०. (जीवास म्हणजे तेच, जिनोमभर चाळणी. जिवास घोर लावणारं.) एवढ्या नमुन्यात फक्त मोठा परिणाम दिसतो, आणि एखादा दिसला तर तो आहे त्यापेक्षा फुगूनच दिसतो.

हाँगकाँगवाले जरा वेगळे खेळले. ८०० बायका, पण सरसकट नाही, घनता खूप जास्त आणि खूप कमी अशा दोन टोकांच्या. टोकं घेतली की कमी माणसांत ताकद वाढते. आणि मग जे सापडलं ते १८ हजारांवर आशियाई आणि युरोपीय लोकांत परत तपासलं. जॅग१ म्हणून टिकला.

तुझे हिरो जुळत नाहीत कारण हिरो एक नाहीच. २०१२ ला जगभरचे गट एकत्र आले, त्यात पूर्व आशियाईही होते, तेव्हा जिनोममधल्या ५६ जागा सापडल्या आणि त्या सगळ्या मिळून मांडीच्या मानेच्या घनतेतला ५.८ टक्के फरक समजला. २०१९ ला यूके बायोबँकमध्ये (ब्रिटनमधला लोकांच्या आरोग्य आणि जनुकीय माहितीचा साठा) सव्वाचार लाख लोकांची टाच तपासून ५१८ जागा, तरी साधारण २० टक्के. म्हणजे ७०० लोकांचा पेपर हा त्या ढिगातले दोन दाणे उचलतो, दुसरा ७०० वाला दुसरे दोन. दोघांचं भांडण नाही.


खारूताई_पुणे | मंगळवार, सकाळी ८:१५

बंड्यादादा _/\_ . एक अजून. सगळीकडे लिहितात की बोन डेन्सिटी ५० ते ८० टक्के आनुवंशिक आहे. मग बीजिंगचा तो पेपर बघून मी चक्रावले, १९९०-९२ ते २००२-०६ एवढ्या काळात पन्नाशीच्या पुढच्या बायकांत खुबा मोडायचं प्रमाण, वयाचा हिशोब केल्यावरही, २.७६ पट झालं. पुरुषांत १.६१ पट. दहा-बारा वर्षांत जीन्स तर बदलत नाहीत ना? मग आनुवंशिक कसलं?


काळी_माती | मंगळवार, सकाळी १०:५५

कृषी विद्यापीठात ज्वारीच्या ब्रीडिंगमध्ये आयुष्य गेलं, आनुवंशिकता हा शब्द आमच्या घरचा आहे म्हणून लिहितो.

एका पोत्यातलं मिसळ बियाणं घे. अर्धं काळ्या कसदार रानात पेर, अर्धं मुरमाड माळावर. काळ्या रानात ताटं उंचसखल येतील, सगळ्यांना पाणी खत सारखं, म्हणजे तिथला फरक जवळपास सगळा बियाण्याचा. माळावरही तसंच. दोन्हीकडे आनुवंशिकता नव्वद टक्के येईल आणि तरी दोन रानांतला फरक शंभर टक्के जमिनीचा. ही टक्केवारी एका रानातल्या ताटाताटातल्या फरकाची आहे. दोन रानांची तुलना करायला ती वापरायचीच नाही, आणि एकाच रानाची दहा वर्षांपूर्वीशी तुलना करायलाही नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरांना हे शिकवतात, डॉक्टर मंडळींना का शिकवत नाहीत कोण जाणे.

बीजिंगचं रान बदललं. सायकल गेली गाडी आली, जिना गेला लिफ्ट आली, उकिडवं बसणं गेलं. नक्की कशाने किती ते मी सांगणार नाही, पण बी तेच होतं.


कौलूनकाकू | मंगळवार, दुपारी १:३०

अय्या आमच्या गावाचं नाव आलं! हाँगकाँगला वीस वर्षं झाली मला. इथे हे आधीच होऊन गेलंय, साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत खुबा मोडायचं प्रमाण चढलं आणि मग थांबलं. आमच्या मजल्यावरच्या एक आजी ६५ च्या पुढच्यांच्या त्या मोठ्या अभ्यासात होत्या, चायनीज युनिव्हर्सिटीचा, २००० पुरुष आणि २००० बायका, २००१ ते ०३ मध्ये भरती झालेली. त्यांना वर्षानुवर्षं परत परत बोलवायचे, जेवण कसं, चाल कशी, मुठीची ताकद किती. आजी अभिमानाने सांगायच्या की माझी मूठ अमुक किलो. दूध मात्र त्यांना अजिबात पचत नाही, त्या टोफू आणि हिरव्या भाज्या खातात आणि काटे काढायला कंटाळा म्हणून लहान मासे काट्यासकट चावतात.


बंड्या_बोस्टन | मंगळवार, रात्री ८:०२

काकू तुम्ही नकळत पुढचा मुद्दा काढलात, दूध. बहुतेक चिनी प्रौढांना दुधातली साखर पचवायचं एन्झाइम कमी असतं, आणि चीनमध्ये रोजचं कॅल्शियम सरासरी ४०० मिलिग्रॅमच्या खालीच भरतं. पण म्हणून लगेच "दुधाच्या जीनमुळे हाडं" असं म्हणायची घाई नको, कारण इथेच सगळ्यात जुना सापळा आहे.

हान म्हणजे चीनच्या ९१ टक्के लोक, पण तो एक गठ्ठा नाही. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना जिनोम हळूहळू सरकतो, २००९ मध्ये दोन गटांनी हे स्वच्छ दाखवलं. उत्तरेचे लोक सरासरीने उंच, गव्हाचे मांटू आणि नूडल खाणारे, दक्षिणेचे भातवाले. आता समजा तू कमी घनतेच्या बायका ग्वांगझूच्या दवाखान्यातून घेतल्यास आणि चांगल्या घनतेच्या बीजिंगमधून. उत्तर-दक्षिण जो जो स्निप बदलतो तो तो "हाडांचा जीन" म्हणून चमकेल. नूडल आवडण्याचा जीनसुद्धा. आणि डेक्सावाली ताईंची वडी आठव, उंच माणसाचं हाड मोठं म्हणून मशीनमध्ये घनताही जास्त, म्हणजे मापातली चूक आणि नमुन्यातली चूक एकाच दिशेला ढकलतात. जुन्या कॅन्डिडेट जीनच्या (आधीच संशय असलेला एखादाच जीन तपासणाऱ्या) पेपरात ही दुरुस्ती बहुतेक वेळा नसते, कारण दोन-चार मार्करवरून माणूस उत्तरेचा की दक्षिणेचा कळतच नाही. जीवासमध्ये प्रिन्सिपल कंपोनंट (जिनोमभरच्या खुणांवरून काढलेले, माणूस कुठल्या भागातला ते दाखवणारे आकडे) घालून बरंच सावरता येतं. पेपर वाचताना आधी मेथड्समध्ये बघ लोक कुठून गोळा केले, मग निकाल वाच.

आता डॉक्टरसाहेब. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर कुटुंबांत एक दुर्मिळ आजार आहे, हाडं नको इतकी घट्ट होत जातात. त्यातून एसओएसटी जीन सापडला, त्याचं प्रोटीन स्क्लेरोस्टिन हाड बनवायला ब्रेक लावतं. तो ब्रेक काढणारं औषध म्हणजे रोमोसोझुमॅब, २०१९ ला आधी जपानमध्ये आणि मग अमेरिकेत मंजूर. ग्रॅब बार हवाच, पण हे शून्य नाही.


प्लास्टरवाला | मंगळवार, रात्री १०:१५

रोमोसोझुमॅबबद्दल मान्य. त्यावर हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा इशारा आहे हे पण लिहा ना पुढे, अर्धवट माहितीवर पेशंट येऊन भांडतात. आणि ते एका जीनच्या आजारातून आलं, तुमच्या ५१८ जागांतून नाही. त्या ५१८ चा स्कोअर काढून मी चिनी किंवा आपल्या पेशंटला काही सांगू शकतो का?


बंड्या_बोस्टन | मंगळवार, रात्री १०:५१

आज नाही. पॉइंट तुमचा. युरोपियन डेटावर बनवलेले असे स्कोअर पूर्व आशियाई लोकांत साधारण निम्मेच अचूक ठरतात, असं २०१९ मध्ये बऱ्याच गुणधर्मांवर दिसलं. दक्षिण आशियाईंतही बऱ्यापैकी घसरतात. टाचेचा स्कोअर बनवला तो गोऱ्या ब्रिटिशांवर, तीही अल्ट्रासाउंडची टाच, खुबा नाही.

खारूताई, डेटाचं: चिनी व्यक्तींचा जिनोम असा सहज डाउनलोड होत नाही. मानवी जनुकीय साधनसंपत्तीचे त्यांचे नियम जुलै २०१९ पासून कडक आहेत, परदेशी माणसाला परवानगीशिवाय काही मिळत नाही. चायना कडूरी बायोबँकमध्ये ५ लाखांवर लोक आहेत, दहा भागांतले, पण एमएस्सीच्या सहा महिन्यांत तुझा अर्जही फिरून येणार नाही. यूके बायोबँकमध्ये चिनी दीडेक हजारच, आणि फी. तू असं कर, २०१२ च्या त्या जागांचा सारांश खुला आहे तो घे आणि १००० जिनोम्समधले (जगभरच्या लोकांचे जिनोम खुले ठेवणारा प्रकल्प) बीजिंगचे १०३ हान, दक्षिणेचे १०५ (ते हुनान आणि फूजिआनचे आहेत) आणि शिश्वांगबान्नाचे दाई जमातीचे लोक, यांच्यात प्रत्येक जागेची फ्रीक्वेन्सी आणि आजूबाजूचं लिंकेज (शेजारच्या खुणा किती एकत्र वारशाने येतात) बघ. कुठली जागा चीनमध्ये दिसायलाच नको होती हे कळेल, तेवढं डिझर्टेशनला पुष्कळ. फक्त एक करू नकोस, स्कोअरची सरासरी काढून "चिन्यांची हाडं जन्मतः कमकुवत" असा बारचार्ट काढू नकोस. उंचीच्या बाबतीत असेच चार्ट काढून मोठमोठे लोक २०१९ मध्ये तोंडावर आपटलेत.


काळी_माती | मंगळवार, रात्री ११:०५

त्या १००० मध्ये मराठी किती?


बंड्या_बोस्टन | मंगळवार, रात्री ११:०९

वेगळा गट म्हणून एकही नाही. ह्यूस्टनचे गुजराती, यूकेचे तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली.


खारूताई_पुणे | गुरुवार, संध्याकाळी ६:४०

झालं!! वडीच्या स्लाइडवर सगळे हसले आणि मग सरांनी दहा मिनिटं तिथेच काढली. ग्वांगझू-बीजिंगवाला मुद्दा टाकला तर एका सीनियरने विचारलं की यूजीटी२बी१७ चं गळणं उत्तर-दक्षिण बदलतं का, मी म्हटलं बघून सांगते, आता तेच डिझर्टेशनचं पहिलं प्रकरण होणार असं दिसतंय. प्लास्टरवाले सर, मणक्याचा मुद्दा खरंच विचारला कोणीतरी, वाचले.

घरी आल्यावर आईचा मागच्या वर्षीचा डेक्साचा कागद काढला. टी-स्कोअर उणे २.६. खाली बारीक अक्षरात रेफरन्स कुठला ते लिहिलेलं असतं ना, आमच्या कागदावर ती ओळच कापली गेलीय झेरॉक्समध्ये.


डेक्सावाली | गुरुवार, रात्री ८:२२

मूळ कागद शोध, नाहीतर जिथे केला तिथे फोन कर, मशीनमध्ये फाइल असते, बहुतेक सेंटरवाले परत प्रिंट देतात. आणि देताना सांग की ग्रॅम भागिले चौरस सेंटिमीटरचा आकडा पण हवा, नुसता स्कोअर नको. तो आला की इथे टाक, सगळ्या रेफरन्सने करून बघू. पण आईची गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस हं, ते डॉक्टरांना विचारून.